एकोणपन्नास क्विंटल पाणी

बेबीबाईचे हात स्वस्थ बसत नसत. एसटीत बसली तर ती एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं चोळत राहायची, आणि कुणाच्या दारी दुखवट्याला गेली तरी तेच. बावीस वर्षं तिने पथारीवर मिरचीचे देठ खुडले होते. लाल मिरची उघड्या माळावर वाळत घालतात ती पथारी. तिथे दिवसभर देठ खुडून घरी आलं की हातांची जी आग होते ती तेलाने जात नाही, ताकाने जात नाही, आणि देवाचं नाव घेऊन तर मुळीच जात नाही. लग्नानंतरचं पहिलं वर्षभर नवऱ्याला, उखाला, वाटायचं की आपल्या बायकोला कसली तरी सारखी काळजी लागलेली असते. मग त्याला खरं कारण कळलं आणि त्याने विचारणं सोडून दिलं. यंदा मात्र एप्रिल लागल्यापासून ती हात चोळत होती ते आगीमुळे नव्हे. आणि ते कारण ती उखालाही सांगत नव्हती.

ते कळायचं तर बेबीबाई कंपनीची संचालक कशी झाली तिथपासून सुरुवात करावी लागेल. हसू नका. कोरीटसारख्या गावात कंपनी असते, आणि तिला संचालक मंडळ, ताळेबंद, वार्षिक सभा सगळं असतं. सात वर्षांपूर्वी गावातल्या मिरचीवाल्या शेतकऱ्यांनी मिळून 'हिरवा देठ' नावाची शेतकरी उत्पादक कंपनी काढली. ओली मिरची व्यापाऱ्याला मातीमोल देण्यापेक्षा आपणच वाळवू, आपणच विकू, एवढा साधा विचार होता. अध्यक्ष झाले नवलसिंग गिरासे, म्हणजे सगळ्यांचे नवलआबा. कागदपत्रं करताना कुणीतरी म्हणालं की मंडळावर एखादी बाई दिसली तर बरं दिसेल. आबा तडक पथारीवर आले. बेबीबाईच्या नावावर दीड एकर जमीन होती आणि ती सातवी पास होती. तेवढं पुरलं.

"बेबीबाई, तुन्हं नाव टाकी दिधं," आबा म्हणाले. "तुले काही करनं नही. फक्त सही करनी पडी."

सही करणं खरंच सोपं होतं. कंपनीचे हिशेब हेमकांतभाऊ लिहीत. जिथे सही हवी तिथे ते आधीच पेन्सिलीने बारीक फुली काढून ठेवत. बेबीबाई यायची, एक चहा, दोन बिस्किटं, फुली दिसली की सही. कागदावर वर काय लिहिलं आहे ते तिने कधी वाचलं नाही आणि वाच असं तिला कुणी म्हटलंही नाही. सात वर्षांत तिची सही मात्र फार सुरेख झाली.

हेमकांतभाऊ माणूस वाईट नव्हता. भित्रा होता. एकतीस मार्चला पथारीवर आणि गोदामात किती मिरची शिल्लक आहे, हा कंपनीच्या हिशेबातला सगळ्यात मोठा आकडा. तो मोजायला कधी कुणी गेलं नाही. हेमकांतभाऊ खरेदीच्या वहीवरून अंदाज बांधायचे, चार किलो ओलीची एक किलो वाळली, वरून मोडतोड वजा. मग आबा टेबलाशी वाकून म्हणायचे, "हेमकांत, थोडा नफा दिसू दे ना," आणि साठा वीस-पंचवीस क्विंटलने फुगायचा. पुढच्या साली तेवढीच मिरची 'वाळून घटली' म्हणून लिहून टाकायची. मिरची ही वाळणारीच वस्तू, तेव्हा कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. हेमकांतभाऊंची झोप तेवढी उडायची, पण ती त्यांची स्वतःची होती.

हे असंच चाललं असतं. पण कंपनीला मिरची दळायचं यंत्र घ्यायची हौस आली. पूड करून विकली तर भाव दुप्पट. त्यासाठी नाशिकच्या एका संस्थेचं कर्ज हवं होतं, आणि त्या संस्थेने पैशाच्या आधी नियम पाठवले. लागोपाठ दोन वर्षं नफा दिसला पाहिजे, हे तर होतंच. पण साठा वहीवरून नव्हे, काट्यावर मोजायचा. मोजलेल्या मालातल्या दोन गोण्या लाखेने सील करून बाजूला ठेवायच्या. आणि हे सगळं एका हिशेब समितीने बघायचं. त्या समितीचा प्रमुख असा हवा की ज्याचा खरेदीत हात नाही, विक्रीत हात नाही, आणि जो अध्यक्षांचा नातेवाईक नाही. त्यात भर म्हणून सरकारचा वेगळाच नियम निघाला होता. कंपन्यांनी हिशेबाचं असं सॉफ्टवेअर वापरायचं, ज्यात एकदा केलेली नोंद बदलता येते, पण आधी काय होतं, कुणी बदललं, किती वाजता बदललं, हे पुसता येत नाही. हेमकांतभाऊंच्या खोडरबराला त्या दिवशी निवृत्ती मिळाली.

समितीचा प्रमुख निवडायला बैठक बसली तेव्हा दहा संचालक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. कुणाचा भाऊ खरेदी करत होता, कुणाचा ट्रॅक्टर माल वाहत होता, दोघे आबांचे साडू होते. सगळ्यांची नजर फिरत फिरत बिस्किट खाणाऱ्या बेबीबाईवर येऊन थांबली.

"चालस," आबा म्हणाले. "बेबीबाई काही बोलत नही."

बेबीबाईला ते यंत्र मनापासून हवं होतं. कंपनीच्या पथारीवर बावीस बाया देठ खुडत. हंगाम संपला की त्यांना काम नसे, आणि हंगाम असला की हात जळत. यंत्र आलं तर पूड भरायला, पाकिटं बंद करायला बारमाही काम मिळणार होतं, तेही छपराखाली. हे तिने स्वतः त्या बायांना सांगितलं होतं, आणि सगळ्यात आधी फुलवंताबाईला. वीस वर्षं दोघी शेजारी बसून देठ खुडत आल्या होत्या. फुलवंताबाईच्या बोटांची कातडी आता भेगाळून गेली होती, भाकरी थापताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. ती रोज विचारायची, "यंत्र कधी येई वं बेबी?" आणि बेबीबाई रोज म्हणायची, "येई. औंदा नक्की येई."

तीस मार्चला हेमकांतभाऊ सांगायला आले, उद्या सगळी मिरची काट्यावर मोजायची आहे, तुम्ही समोर पाहिजे. बेबीबाईने मान डोलावली आणि लगेच कामाचा विचार केला. सहाशे क्विंटल मिरची भरायची, उचलायची, काट्यावर ठेवायची. कडक वाळलेली मिरची हाताळली की पापडासारखी मोडते, बी सांडतं, भाव पडतो. म्हणून गोण्या भरायच्या आधी पहाटे तिच्यावर पाणी मारायचं आणि वर ताडपत्री टाकायची, म्हणजे ती नरम पडते. पथारीवरच्या कुठल्याही बाईने हेच केलं असतं. तिने फुलवंताबाईला हाक मारली.

"पहाटे पानी मारी दे वं. मिरची मोडाले नको."

फुलवंताबाईने चोख पाणी मारलं. दिवसभर काटा चालला. मिरची एक मोडली नाही. हेमकांतभाऊंनी सकाळीच आपला वहीवरचा अंदाज सॉफ्टवेअरमध्ये टाकून ठेवला होता, पाचशे एकाहत्तर क्विंटल. या वेळी त्यांनी तो फुगवला नव्हता, कारण काट्यासमोर फुगवून उपयोग काय? संध्याकाळी काट्याची बेरीज झाली ती सहाशे वीस. त्यांनी ती तीनदा केली. मग त्यांनी पाचशे एकाहत्तर खोडून सहाशे वीस टाकले, आणि खुर्चीत मागे रेलून असे काही हसले की आबांनाही नवल वाटलं. एकोणपन्नास क्विंटल जास्त, म्हणजे पावणेआठ लाखांचा माल. ज्या वर्षी तोटा ठरलेला होता त्या वर्षी सहा लाखांचा नफा आला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा हेमकांतभाऊंनी त्यासाठी काही खोटं लिहिलं नव्हतं. आबांनी पेढे मागवले. साक्षीदार म्हणून बेबीबाईने फुलीवर सही केली आणि पेढा खाल्ला.

पेढा खाऊन ती बायांबरोबर ताडपत्री घडी घालायला गेली. ताडपत्रीच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब अजून चिकटलेले होते. तिचा तळहात ओला झाला. ती तशीच उभी राहिली. शेजारी फुलवंताबाई ताडपत्रीचं दुसरं टोक धरून ओरडत होती, "वढ ना वं, काय दखी ऱ्हायनी?" शाळेत गणितात ती काही हुशार नव्हती, पण मिरचीचं गणित तिच्या हातात होतं. पाणी मारलेली मिरची जड होते. ते एकोणपन्नास क्विंटल मिरची नव्हतीच. ते पाणी होतं, आणि ते तिनेच मारायला लावलं होतं.

उद्या सांगू, असं ती स्वतःला म्हणाली. दुसऱ्या दिवशी आबा नाशिकला कागद पोचवायला गेले होते. परवा सांगू म्हणाली, तर परवा हेमकांतभाऊंच्या घरी सत्यनारायण. मग एप्रिलचा पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, आणि न सांगितलेली गोष्ट जशी जुनी होत जाते तशी ती अवघड होत गेली. भाव चढायची वाट बघत माल गोदामात पडून होता. काही ना काही निमित्त काढून बेबीबाई गोदामात जायची आणि कोपऱ्यातल्या त्या दोन सील केलेल्या गोण्यांशी उभी राहायची. कुणी बघत नाही असं पाहून एक गोणी थोडी उचलून बघायची. पंधरा एप्रिलला ती हलकी लागली. एप्रिल संपता संपता आणखी हलकी. वारा सुटला होता, ऊन चाळीसच्या वर गेलं होतं, पत्र्याच्या गोदामात उभं राहवत नव्हतं. एकोणपन्नास क्विंटल पाणी रोज थोडं थोडं उडून चाललं होतं, आणि कागदावर ते जसंच्या तसं होतं.

घरी ती उठायची, बसायची, पुन्हा उठायची. चूल पेटवून पाणी ठेवायला विसरायची. उखा शेवटी वैतागला.

"काय व्हयनं तुले? महिना व्हयना, नुसती हात चोळी ऱ्हायनी. पथारी बंद शे ना आते?"

"काही नही."

"मंग बस ना एक जागावर."

ती बसली आणि दोन मिनिटांत शेण काढायला उठली. गोठ्यात शेण नव्हतं, तिने सकाळीच काढलं होतं.

मे महिन्यात शहाद्याहून भूमिका आली. कंपनीची हिशेब तपासनीस, सी.ए., तापीकाठच्या गुजर पाटलांची मुलगी, वय तिशीच्या आतलं. आबा तिला 'बेटा' म्हणायचे आणि ती त्यांना 'अध्यक्ष महोदय' म्हणायची, एवढ्यावरून काय ते समजा. तिने दोन दिवस संगणक तपासला. तिसऱ्या दिवशी हेमकांतभाऊंना विचारलं, "एकतीस मार्चला सकाळी नऊला पाचशे एकाहत्तर. संध्याकाळी सव्वासहाला सहाशे वीस. हे कसं?"

"सकायना अंदाज व्हता मॅडम. संध्याकायले काटावर मोजं. काटा खरा."

"एका दिवसात एकोणपन्नास क्विंटलचा फरक? आणि मिरची वाळताना घटते. वाढत नाही."

हेमकांतभाऊंनी फाइल पुढे सरकवली. काट्याचा कागद होता, साक्षीदाराची सही होती, यापेक्षा जास्त ते काय दाखवणार? भूमिकाने सही वाचली आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. समितीच्या प्रमुखाशी तपासनिसाने एकट्याने बोलायचं, असाही त्या नव्या नियमांत एक नियम होता. आबा दाराबाहेर गेले खरे, पण दारापासून फार लांब गेले नाहीत.

"मावशी, मोजणीच्या दिवशी तुम्ही होतात. तुम्हाला मला काही सांगायचं आहे का?"

इतक्या वर्षांत कंपनीच्या कचेरीत बेबीबाईला कुणी हे विचारलं नव्हतं. सही कर म्हणणारे पुष्कळ होते. ती सांगायला खुर्चीत पुढे सरकली. खिडकीतून पथारी दिसत होती, आणि पथारीच्या कडेला बाभळीच्या फाटक्या सावलीत फुलवंताबाई जुनी पोती शिवत बसली होती, यंत्राची वाट बघत.

"काही नही मॅडम," बेबीबाई म्हणाली. "बठ्ठं बरोबर शे."

भूमिकाने वहीत काही लिहिलं आणि आभार मानले. ते आभार बेबीबाईला थोबाडीत बसल्यासारखे लागले. घरी येताना ती रडली. स्वतःचाच इतका राग तिला कधी आला नव्हता. आजवर ती न वाचता सही करत होती, तेव्हा निदान खोटं बोलत नव्हती. आता तिला विचारलं होतं आणि ती खोटं बोलली होती.

अठ्ठावीस मे रोजी ताळेबंद मंजूर करायची बैठक होती. टेबलावर कागदांचा गठ्ठा, प्रत्येकावर पेन्सिलीची फुली, मध्ये आंब्याच्या फोडींची ताटली. भूमिका एका टोकाला बसली होती. आबा खुशीत होते. नऊ सह्या झाल्या, कागद बेबीबाईपुढे आले, हेमकांतभाऊंनी पेनाचं टोपण काढून दिलं.

बेबीबाईने पेन घेतलं आणि टेबलावर ठेवलं. मग उचललं आणि पुन्हा ठेवलं.

"फुली दखाय ऱ्हायनी ना?" आबांनी विचारलं.

"दखाय ऱ्हायनी आबा. पन आधी त्या दोन गोण्या मोजा."

"कोन्या गोण्या?"

"सील करेल. कोपरामा शेत त्या. मोजा तुम्ही."

कुणाला काही कळेना. भूमिका मात्र उठून उभी राहिली आणि म्हणाली, चला. सगळं मंडळ उन्हातून गोदामात गेलं. सीलवर लिहिलं होतं, बारदान वजा करून चाळीस किलो. पहिली गोणी काट्यावर चढली. छत्तीस किलो आठशे. दुसरी, छत्तीस किलो नऊशे. सील जसंच्या तसं होतं, एक मिरची कुणी काढलेली नव्हती. आबांनी काट्याला बारीकशी लाथ मारून पाहिली. काटा तेच म्हणाला.

"पानी मारेल व्हतं," बेबीबाई म्हणाली. "त्या दिवशी पहाटे. माराले मीच सांगेल व्हतं, मिरची मोडाले नको म्हनीसन. हेमकांतभाऊना दोष नही. फुलवंताबाईना बी नही. माले त्याच दिवशी समजी गयं, आन् मी बोलनू नही. मॅडमनी इचारं तरी बोलनू नही. ते पाप मन्हं शे."

पत्र्याखाली मिरचीचा ठसका होताच, पण आबांना ठसका लागला तो त्याने नव्हे. "दर साल पानी मारतस!" ते ओरडले. "त्यामा नवं काय शे?"

"दर साल मोजेल कथं व्हतं, आबा? औंदाच मोजं ना."

"मशीन गयं समज. तुन्हा बायासनं मशीन गयं. समजस का तुले?"

"समजस," बेबीबाई म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते तिने पुसलं नाही, कारण मिरचीच्या गोदामात डोळ्यांना हात लावायचा नसतो.

हेमकांतभाऊ इतका वेळ काट्याकडेच बघत होते. सहा लाखांचा तो एकमेव स्वच्छ नफा त्यांच्या डोळ्यांदेखत गेला होता. ते हळूच, कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाले, "म्हंजे मन्हा अंदाज बरोबर व्हता."

भूमिकाने तिथेच गोणीवर वही ठेवून आकडे मांडले. साठा पाचशे एकाहत्तरच्या आसपास धरावा लागेल. नफा नाही, जवळपास दोन लाखांचा तोटा. मोजणीची पद्धत चुकली हे ती आपल्या अहवालात लिहील, आणि समितीच्या प्रमुखांनी स्वतः ते उघड केलं हेही लिहील. मागच्या वर्षांच्या वह्याही आता एकदा बघाव्या लागतील, असं ती म्हणाली तेव्हा आबांचा आवाज एकदम खाली आला. पाच दिवसांनी दुरुस्त कागदांवर पुन्हा बैठक ठरली. आंब्याच्या फोडी तशाच राहिल्या.

बायांना सांगायचं काम कुणी तिच्यावर टाकलं नव्हतं. आबा म्हणत होते, वरून मंजुरी आली नाही असं सांगून टाकू. बेबीबाई दुसऱ्या दिवशी सकाळी बाभळीखाली गेली आणि होतं तसं सांगितलं. यंत्र आता येणार नाही. निदान दोन वर्षं नाही, पुढचं माहीत नाही. पाणी आणि काटा आणि तोटा, सगळं सांगितलं. बाया ऐकत राहिल्या. एकजण म्हणाली, गप बसती तर काय बिघडतं? दुसरीने तिला कोपराने ढोसलं. फुलवंताबाईची सुई चालू होती, पोत्यातून आत जात होती, बाहेर येत होती. मग ती थांबली.

"तू खरं बोलनी ते बरं करं," ती म्हणाली. "कागदमा आते बठ्ठं खरं लिखतीन. मिरची किती, पानी किती, तोटा किती." तिने दोन्ही हात पुढे केले, भेगाळलेले, नखांच्या कडांनी लाल. "मन्हा हात कोठे शेतस त्या कागदमा?"

बेबीबाई तिथून निघाली. परतताना वाटेत तिला आठवलं की सात वर्षांत तिने सह्या केलेल्या एकाही कागदात हे आहे की नाही, ते तिला ठाऊकच नाही. ती तशीच कचेरीत गेली. हेमकांतभाऊ एकटेच संगणकापाशी होते.

"भाऊ, जुना अहवाल काढा. बठ्ठा."

ती दिवसभर वाचत बसली. बोट ठेवून, ओळीओळीने, अडलं तिथे हेमकांतभाऊंना विचारत. सात वर्षांचे सात अहवाल. त्यांत गोण्या होत्या, ताडपत्र्या होत्या, काट्याची दुरुस्ती होती, चहापाण्याचा खर्च होता. पथारी सारवायला आणलेल्या मातीच्या ट्रॉल्यासुद्धा होत्या. बावीस बाया फक्त एका ठिकाणी सापडल्या, 'मजुरी' या शब्दापुढे, रुपयांत. हातमोजे कुठेच नव्हते. सात वर्षांत एकही जोडी घेतलेली नव्हती, आणि संचालक मंडळावर ती स्वतः होती.

"आठे लिखा," ती म्हणाली. "संचालकसना अहवालमा."

"काय लिखू?"

तिने सांगितलं. हेमकांतभाऊंनी चष्मा काढून पुसला.

"त्याले रकाना नही शे, बेबीबाई."

"मंग रकाना करा, भाऊ."

"आबा काय म्हनतीन?"

"आबासले मी सांगसू."

दोन जूनच्या बैठकीत आबांनी ती ओळ वाचली आणि ती काढायला सांगितली. बेबीबाई म्हणाली, काढा, पण मग समितीच्या प्रमुखाची सही मिळणार नाही, आणि सही का मिळाली नाही ते मॅडम विचारतील. आबांनी भूमिकाकडे पाहिलं. भूमिका पेनाचं टोपण लावत-काढत बसली होती. ओळ राहिली. 'कंपनीच्या पथारीवर बावीस स्त्रिया उघड्या हातांनी देठ खुडतात. त्यांच्या हातांना इजा होते. सात वर्षांत कंपनीने हातमोजे दिलेले नाहीत. ही चूक संचालक मंडळाची आहे.'

कागद बेबीबाईपुढे आले. तिने पानं उलटली, पुढून मागे, मागून पुढे. कुठेही फुली नव्हती. तिने वर पाहिलं.

"या टायमाले काढी नही," हेमकांतभाऊ म्हणाले. "वाचीसन करा."

तिने पहिल्या पानापासून सुरुवात केली. बाकीचे नऊ जण घड्याळाकडे बघत बसून राहिले. वाचायला तिला सव्वा तास लागला, आणि त्या सव्वा तासात तिने एकदाही हात चोळले नाहीत.